पाठीवर राजगड: आर्टिस्टला पैकीच्या पैकी, पण ते 'फुल डे पॅकेज' घेऊ नका

आधी निकाल सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. टॅटूचं काम सुंदर, स्वच्छता चांगली (एक किस्सा सोडून), माणसं सभ्य, पण ह्यांचं ते फुल डे पॅकेज आहे ना, सकाळी अकराला टेबलवर पालथं पडायचं आणि टॅटू होईल तेव्हा उठायचं, ते घेऊ नका. पूर्ण पाठ असेल तर दोन-तीन सिटिंग मागा आणि नाहीच म्हणाले तर दुसरीकडे जा. साडेतीन स्टार देतेय, उरलेला दीड कुठे गेला तेच खाली लिहिलंय. स्टुडिओ पुण्यातला आहे, नाव टाकत नाही कारण टचअप अजून बाकी आहे आणि पाठ त्यांच्याच हातात द्यायचीय परत 😅

डिझाइन राजगडाचं. पाठीवर लोक महाराजांचं चित्र किंवा राजमुद्रा काढून घेतात, माझ्या डोक्यात मात्र कॉलेजपासून गडाचा नकाशाच होता. वरून बघितलं तर मधे बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पसरलेल्या तीन माच्या, म्हणजे हा आकार पाठीसाठीच केलाय जणू. पद्मावती मानेखाली, सुवेळा उजव्या फऱ्यावर, संजीवनी डावीकडून कमरेपर्यंत खाली आणि बालेकिल्ला बरोब्बर मणक्यावर. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले आले त्यात राजगड होता, तेव्हा आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर नुसता धुरळा उडाला आणि त्याच धुंदीत मी स्टुडिओ शोधायला लागले.

आर्टिस्ट दादा पहिल्या भेटीत म्हणाला, ताई सुवेळा जरा सरळ घेतो, दोन्ही बाजू सारख्या दिसतील. मी म्हटलं दादा गड आहे, रांगोळी नाही. हसला, पण ऐकलं. पुढच्या भेटीत बघते तर ह्याने स्वतः सॅटेलाइट नकाशा काढून संजीवनीचे तिन्ही टप्पे आणि ती दुहेरी तटबंदी नीट अभ्यासून ठेवलेली, दोन भिंतींच्या मधली ती चिंचोळी वाटसुद्धा त्याने स्केचमधे मोकळी सोडली होती. नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक, वरून दिसत नाही हे मलाही कळतं, पण नेढ्याशिवाय सुवेळा कसली, म्हणून त्याने तेवढा भाग किंचित तिरका करून तांदळाएवढी जागा बिनशाईची ठेवली. सगळीकडे काळं आणि मधे तेवढीच माझी कातडी. हे असं डोकं लावणारा माणूस मिळाला तर पैसे द्यायला काही वाटत नाही.

पैशांचं सांगते. छोट्या टॅटूला ते इंचावर रेट लावतात, पाठीला इंच मोजत बसलं तर आकडा ऐकूनच घाम फुटेल. म्हणून फुल डे. माझे २८ हजार झाले, त्यातले ५ हजार आधी डिपॉझिट, ते परत मिळत नाही, फक्त तारीख एकदा बदलता येते. लाइनिंग आणि शेडिंग दोन्ही त्याच दिवशी. ऐकायला स्वस्त वाटतं. कसं महाग पडतं ते पुढे येतंय.

मुलींनी इथे लक्ष द्या, कारण हे कुठल्याच रिव्ह्यूमधे मला मिळालं नव्हतं. स्टुडिओत पडद्याची वेगळी खोली आहे, पुढून बटणांचा शर्ट न्या आणि तो उलटा घाला, म्हणजे मागून पूर्ण उघडा राहील. ब्रा काढावीच लागते, हुकाच्या जागेवरच काम असतं. तिथली हेल्पर मुलगी आधीच दोन मोठे पेपर शीट आणि टेप घेऊन आली, मला बदलेपर्यंत दादा बाहेर, आणि ती दिवसभर खोलीतच होती. ब्रेकला उठताना प्रत्येक वेळी शीट तीच धरायची, एकदाही सांगावं लागलं नाही. ह्याचे पूर्ण मार्क. पाळीच्या तारखा बघून बुक करा एवढंच माझं सांगणं, त्या दिवसांत मला साधं वॅक्सिंग सहन होत नाही, हे तर लांबच.

फॉर्म भरून घेतला, त्यात डायबेटिस, रक्त पातळ करायच्या गोळ्या, प्रेग्नन्सी, जखमेवर गाठी उठतात का, सगळं विचारलं. एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नाही, टॅटूनंतर आपल्याकडे वर्षभर रक्तदान करता येत नाही. मी दर वर्षी शिवजयंतीच्या शिबिरात देते, यंदा नाव गेलं. ज्यांना सैन्यात जायचंय त्यांनी तर पाठीचा विचारच करू नका, तिथे कोपराच्या खाली आतल्या बाजूला वगैरेच चालतो, आदिवासी समाजातल्या पोरांना त्यांच्या प्रथेप्रमाणे सूट आहे तेवढीच.

स्टेन्सिल, म्हणजे डिझाइनचा कागदावरचा छाप, उभ्याने लावतात. झोपवून लावला तर कातडी वेगळी ताणलेली असते आणि उभं राहिल्यावर गड कलतो. आधी पाठीवरची लव रेझरने काढली, मग जेल, मग तो जांभळा कागद. पहिल्या वेळी बालेकिल्ला मणक्यापासून जरासा डावीकडे आला, मला आरशात कळलंही नसतं, दादाने स्वतःच पुसला आणि परत लावला. ते सुकेपर्यंत नुसतं ताठ उभं राहायचं, एसी चालू, पाठ उघडी, तिथेच अर्धी शक्ती जाते.

सुया माझ्यासमोर फोडल्या. कार्ट्रिजच्या पाकिटावर निर्जंतुक केल्याचा शिक्का आणि एक्सपायरी दाखवली, मशीनला आणि वायरीला प्लास्टिकचं आवरण, शाई छोट्या टोप्यांमधे काढून घेतलेली, उरलेली फेकायची. वापरलेल्या सुया पांढऱ्या टणक डब्यात. शाई डायनॅमिक कंपनीची काळी, शेडिंगला तीच पातळ करून. आता तो किस्सा. पहिल्या तासातच गाणं बदलायला दादाने त्याच ग्लोव्हजने मोबाइल उचलला आणि परत मशीन धरायला हात पुढे. मी खालून बोलले, दादा ग्लोव्हज. काही न बोलता बदलले, सॉरीही म्हणाला, आणि नंतर दिवसभर गाणी त्या हेल्पर मुलीने बदलली. पण हे गिऱ्हाइकाने का सांगायचं? मी पालथी पडलेली, तोंड टेबलच्या भोकात, तरी मला दिसलं म्हणून ठीक. अर्धा स्टार इथे गेला.

आता दुखण्याचं, ज्यासाठी तुम्ही इथवर वाचत आलात. दुखतं. पण सगळीकडे सारखं नाही, आणि पहिले दोन-तीन तास तुम्हाला वाटतं ह्यॅ, एवढंच? मणक्याच्या दोन्ही बाजूंना जिथे मांस आहे तिथे नुसतं तापल्यासारखं वाटतं, मी तर गप्पा मारत होते, दादाला तोरणा-राजगड एका दिवसात कसा करायचा ते सांगत होते. फऱ्याच्या हाडावर सुई आली की आवाज कानातून न येता दातातून येतो, दुखण्यापेक्षा विचित्रच जास्त. मणक्यावर टोकदार, प्रत्येक मणक्याच्या उंचवट्यावर वेगळी कळ, पण आखूड. सगळ्यात वाईट दोन जागा, काखेच्या मागची बरगडी आणि कमरेच्या वर बाजूला, तिथे अंग आपोआप उडतं, तुम्ही कितीही ठरवा. सुई उतरते एक-दोन मिलिमीटरच, पण तिथे कोणीतरी किडनीवर लिहितंय असं वाटतं.

श्वासाचं एक तंत्र कामाला आलं. सुई टेकते तेव्हा श्वास सोडायचा, लांब, उचलली की घ्यायचा. श्वास रोखून धरलात की मेलात.

बधिर करायच्या क्रीमबद्दल खूप जण विचारतात म्हणून लिहिते. लिडोकेन-प्रिलोकेनचं क्रीम मेडिकलमधे मिळतं, प्रिलॉक्स वगैरे, छोट्या टॅटूला लोक लावतात. पूर्ण पाठीला मी लावलं नाही आणि तुम्हीही डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नका. मोठ्या भागावर थापून वरून प्लास्टिक गुंडाळलं की औषध रक्तात जास्त जातं, अमेरिकेतल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने २०२४ मधे ह्यावरून सरळ इशारा दिलाय, जास्त स्ट्रेंथची क्रीमं टॅटूआधी थापून हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत त्रास होऊ शकतो म्हणून. आणि तसंही त्याचा असर दीड-दोन तासांत उतरतो, पुढचे सहा तास काय करणार? ह्या स्टुडिओत दुपारी मला एक बधिर करायचा स्प्रे विचारला, उघड्या कातडीवर मारायचा, बाटलीवर ना कंपनी ना बॅच ना तारीख. मी नको म्हटलं. ह्याचाही अर्धा स्टार.

खाण्याचं. आदल्या रात्री दारू नको, रक्त जास्त येतं आणि शाई धरत नाही. सकाळी पोटभर पण साधं, मी वरण-भात तूप खाऊन गेले. मिसळ खाऊन पालथं पडायचं धाडस करू नका, नंतर ॲसिडिटीपेक्षा तो टॅटू परवडला म्हणाल. बरोबर चिक्की, खजूर, इलेक्ट्रॉलचं पाणी आणि स्ट्रॉ. स्ट्रॉ विसरू नका, पालथं पडून बाटलीने प्यायला गेलात तर नाकात जातं.

जेवणाच्या ब्रेकनंतर खेळ बदलतो. सकाळी अंगात जी काय रग असते ती संपलेली असते, पाठ सुजलेली, आणि परत त्याच टेबलवर त्याच पोझिशनमधे. मान आखडते, हात बधिर होतात, छाती दुखते. आणि एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, एका टप्प्यानंतर सुईपेक्षा पुसणं जास्त लागतं. साबणाचं पाणी मारून टिश्यूने शाई पुसतात ना, सकाळी ते गार गार बरं वाटायचं, संध्याकाळी तोच टिश्यू म्हणजे खवणी. दादाचा हात स्प्रेच्या बाटलीकडे गेल्याचा आवाज आला की मी टेबलची कड घट्ट धरायचे. गप्पा बंद, हेडफोन नकोसे, पॉडकास्टमधला माणूस काय बोलतोय ते डोक्यात जात नव्हतं. सहाच्या सुमारास थंडी वाजायला लागली, दात वाजण्याइतकी, एसी बंद केला तरी. हेल्पर मुलीने पायांवर ब्लँकेट टाकलं, खजूर भरवला, दहा मिनिटं थांबले, परत सुरू.

मी तेव्हा म्हटलं, दादा आज इथेच थांबूया का, संजीवनीचा खालचा भाग नंतर करू. उत्तर आलं, ताई पॅकेज आजचंच आहे, वेगळ्या दिवशी बसलात तर नवीन सिटिंगचे पैसे लागतील, आणि आता थोडंच राहिलंय, तुम्ही एवढं सहन केलंय, करा पूर्ण. मागून कोणीतरी म्हणालं, ताई वाघीण आहेत. इथे माझं डोकं फिरलं, कारण हा माझ्या हिमतीचा प्रश्नच नव्हता. सहन तर मी अजून दोन तास केलं असतं, आणि केलंच. प्रश्न कातडीचा होता, आणि त्याच्या हाताचाही. तोसुद्धा सकाळपासून वाकून बसलेला, मनगट झटकत होता, दर दहा मिनिटांनी पाठ मोडत होता. सुजलेल्या कातडीवर थकलेल्या हाताने गडाची सगळ्यात बारीक तटबंदी काढायची, हे कुठल्या शास्त्रात बसतं? सकाळी ताज्या हाताने संजीवनी करून मोकळी काळी शेडिंग शेवटाला ठेवली असती तरी चाललं असतं.

आणि झालंही तसंच. साडेआठला उठले, आरशात बघितलं, तेव्हा सगळंच लालभडक आणि झकास दिसत होतं. महिन्याभराने हील झाल्यावर फरक कळला. पद्मावती, बालेकिल्ला, सुवेळा, म्हणजे दुपारपर्यंत जे झालं ते एक नंबर, बुरूज मोजून घ्या, नेढं स्वच्छ. संजीवनीचा पहिला टप्पा ठीक. तिसऱ्या टप्प्यात मात्र दोन भिंतींमधली जी वाट मोकळी ठेवायची होती ती दोन ठिकाणी बुजलीय, रेघ पसरलीय. सुई जास्त खोल गेली की शाई खालच्या थरात फाकते आणि कडेला निळसर सावली येते, तशी. ती सावली टचअपने जात नाही, फार तर वरून जाड रेघ मारून झाकायची. आणि शेजारी शाई धरलीच नाही असे पॅच, ते मात्र भरता येतात. म्हणजे एकाच पाठीवर सकाळचा आणि रात्रीचा आर्टिस्ट वेगळे वाटतात. लांबून कोणाला दिसणार नाही, पण जो त्या माचीवर दोन भिंतींमधून चाललाय त्याला पहिल्यांदा तेच दिसेल.

टचअप तीन महिन्यांत फ्री असं बोर्डावर लिहिलंय. फोन केला तर फ्री आहे पण टेबल चार्ज दीड हजार, आणि फक्त मंगळवार-बुधवार दुपारी. नोकरी करणारी माणसं मंगळवारी दुपारी पाठ उघडी टाकून बसत नाहीत हो. उरलेला अर्धा स्टार.

नंतरच्या काळजीचं थोडक्यात. निघताना पूर्ण पाठीला ती चिकटणारी पारदर्शक फिल्म लावतात, चांगली आहे, पण रात्रीत तिच्याखाली रक्त, पाणी, शाई असं काळपट साठतं आणि कडेने गळतं, जुनी चादर घाला, पांढरी तर नकोच. पहिल्या रात्री कणकण होती, सकाळी गेली. लाली पसरायला लागली, पू आला किंवा ताप उतरला नाही तर स्टुडिओला फोटो पाठवत बसू नका, सरळ डॉक्टर. पाठीचा खरा वांधा म्हणजे आपला हात पोचत नाही, घरात कोणीतरी लागतंच. माझ्याकडे आई. रोज सकाळ-संध्याकाळ बिनवासाचं लोशन चोळताना तिचं एकच, एवढे पैसे घालून केलंस ते पाठीवर, तुला तरी दिसतंय का? आजी उलट खूश, तिच्या हातावर तुळस आहे गोंदलेली, जत्रेत गोंदणारणीने काढलेली, तिने माझ्या पाठीवरून बोट फिरवून विचारलं, चोर दरवाजा कुठंय दाखव. आजी गडाखालच्या गुंजवण्याच्या बाजूची आहे, तिला सगळं माहितीये. दादाने दाखवला होता, पद्मावतीच्या कडेला, बारीक टिंब.

खपल्या धरल्यावर खाज सुटते ती दुखण्यापेक्षा वाईट. खाजवायचं नाही, वरून हलकी थाप मारायची. शॉवरची धार डायरेक्ट नको, पोहणं नको, ऊन नको, आणि ट्रेकवाल्यांनो, जखम पूर्ण भरेपर्यंत सॅक विसरा, पट्टे बरोबर फऱ्यावर बसतात. मी म्हणूनच डिसेंबर निवडला, घाम कमी. पण त्यामुळे थंडीतले सगळे ट्रेक घरी बसून दुसऱ्यांच्या स्टेटसवर बघितले.

ह्या दादाकडे जायचंच असेल तर जा, हात खरंच चांगला आहे, फक्त बुकिंग करतानाच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या की काम अर्ध्यावर थांबवलं तर उरलेल्याचे किती, टचअपचे सगळे मिळून किती, आणि बारीक काम सकाळी कराल का. तोंडी सगळे हो म्हणतात. दुसरा मजला, लिफ्ट नाही, पार्किंग रस्त्यावरच. येताना स्वतःची गाडी आणू नका, मी रिक्षात पुढच्या दांड्याला धरून, सीटला पाठ न टेकवता घरी आले, आणि रस्त्यातले स्पीडब्रेकर सगळे पाठ झाले.